डोळ्याच्या नसेला मार लागल्यावर नजर परत येईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वडोदऱ्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नजर मोजणं, बाहुल्या तपासणं, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) काढणं हे माझं रोजचं काम. उत्तरायणाचे, म्हणजे पतंगांच्या सणाचे, दोन दिवस सरले की अगाशीवरून (गच्चीवरून) पडलेले आणि मांजा आडवा आल्यामुळे स्कूटरवरून फेकले गेलेले लोक आमच्याकडे येतात. उरलेलं वर्षभर हायवेचे अपघात असतातच. त्यातल्या काहींचा डोळा बाहेरून अगदी धड असतो, पण त्यातून दिसत नाही. मराठी बोलणारं कुणी आहे असं कळलं की घरचे माझ्याभोवती जमतात, आणि संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पेशंटची नजर आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत कमी होत असेल तर बाकीचं सोडा आणि आधी प्रश्न ८ वाचा.

१. मार भुवईवर बसला, डोळ्याला खरचटलंही नाही. मग नजर कशी गेली?

डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, साधारण पाच सेंटिमीटर लांब असते. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या खोबणीत ती थोडी सैल, नागमोडी असते, म्हणून डोळा कुठेही फिरवला तरी तिला ताण बसत नाही. पण खोबणीच्या मागच्या टोकाला ती हाडाच्या एका अरुंद बोगद्यातून कवटीत शिरते. हा बोगदा जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो आणि तिथे नसेचं आवरण हाडाला चिकटलेलं असतं. भुवईवर किंवा कपाळावर जोराचा आघात झाला की तो धक्का हाडातून नेमका इथवर पोचतो. काही तंतू त्याच क्षणी तुटतात. मग सूज येते, आणि हाडाचा बोगदा काही फुगू शकत नाही, त्यामुळे सुजलेल्या नसेचा रक्तपुरवठाच दाबला जातो.

याला अप्रत्यक्ष इजा म्हणतात आणि आमच्याकडे येणाऱ्यांत हाच प्रकार जास्त असतो. सळई, काडी किंवा हाडाचा तुकडा थेट नसेत घुसला असेल तर ती प्रत्यक्ष इजा. तिथे नजर परत येण्याची आशा बहुतेक वेळा कमी असते.

२. डॉक्टरांनी डोळ्यात बघून "पडदा चांगला आहे" असं सांगितलं. मग दिसत का नाही?

कारण पडदा खरंच चांगला आहे. बिघाड डोळ्याच्या मागे आहे, जिथे डॉक्टरांच्या भिंगातून दिसत नाही. पडद्यावर नसेचं जे टोक दिसतं त्याला डिस्क म्हणतात, आणि ती पहिले काही आठवडे गुलाबी, निरोगीच दिसते. मेलेल्या तंतूंची झीज मागून पुढे सरकत डिस्कपर्यंत यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर ती फिकी पडते. म्हणून "पडदा चांगला" हे ऐकून हुरळून जाऊ नका, आणि महिन्याभराने "डिस्क फिकी पडली" हे ऐकून काही नवीन बिघडलं असंही समजू नका. ते पहिल्या दिवसाच्या माराचंच चिन्ह आहे, उशिरा दिसलेलं.

३. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. तरी नसेला मार आहे हे कशावरून?

बॅटरीवरून. आजही या निदानाचा सगळ्यात मोठा आधार हाताएवढी बॅटरी आणि अंधारलेली खोली हाच आहे.

चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच उजेड झटकन मार लागलेल्या डोळ्यावर नेला की उजेड समोर असूनही बाहुल्या आकसण्याऐवजी हळूहळू मोठ्या होतात. नसेतून उजेडाचा निरोप पुरता पोचत नाही, म्हणून मेंदूला वाटतं, अंधार झाला. हे पेशंटच्या बोलण्यावर अवलंबून नाही, त्याला खोटं करता येत नाही, आणि मोतीबिंदू किंवा चष्म्याच्या नंबरामुळे हे होत नाही. केसपेपरवर "आरएपीडी" असं लिहिलेलं असेल तर ते हेच.

दुसरी साधी चाचणी लाल रंगाची. मी थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण आधी चांगल्या डोळ्यासमोर धरते, मग दुसऱ्या. "आता कसं दिसतंय?" परवा एक काका म्हणाले, "उन्हात राहून विटलेल्या परकरासारखं." इतकं अचूक वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

स्कॅनचं काम वेगळं. बोगद्याचं हाड मोडलंय का, तुकडा नसेवर रुतलाय का, खोबणीत रक्त साठलंय का, हे तो दाखवतो. तुटलेले तंतू सीटीत दिसत नाहीत.

४. नजर परत येईल की नाही, हे पहिल्याच दिवशी सांगता येतं का?

खात्रीने नाही, पण अंदाज बांधता येतो. त्या अंदाजात एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे: अपघातानंतर पहिल्यांदा मोजलेली नजर.

नजरेच्या पायऱ्या अशा: अजिबात प्रकाश न समजणं, नुसता प्रकाश समजणं, हात हललेला कळणं, बोटं मोजता येणं, आणि मग तक्त्यावरचे ६/६०, ६/३६ वगैरे आकडे. सुरुवातीला ज्याला थोडा का होईना प्रकाश समजतो त्याची काही ओळी सुधारण्याची शक्यता चांगली असते. ज्याला मुळीच समजत नाही त्याची बरीच कमी. त्यांची गोष्ट प्रश्न ५ मध्ये आहे.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: पहिल्या दिवशीच, शक्य तर पहिल्या काही तासांत, प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी तपासून केसपेपरवर लिहून घ्या. डोकं फुटलंय, हात मोडलाय, सगळे धावपळीत आहेत आणि डोळा सुजून बंद आहे, अशा वेळी ही नोंद राहून जाते. तीन दिवसांनी पेशंट आमच्यापुढे येतो, प्रकाश समजत नाही, आणि पहिल्या दिवशी समजत होता की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. समजत होता आणि मग गेला, तर उपचारांची दिशाच बदलते. ती माहिती नंतर कुठल्याही मशीनमधून काढता येत नाही. सूज असली तरी मिटल्या पापणीवरून मोबाइलचा टॉर्च दाखवून "उजेड कळतो का?" एवढं तर घरचं माणूसही विचारू शकतं. वेळ आणि उत्तर लिहून ठेवा.

बाकीच्या खुणा याच्या मागून येतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात चार गोष्टी वाईट लक्षणं ठरल्या: वय ४० च्या वर, अपघातात शुद्ध हरपणं, नाकामागच्या सायनसच्या मागल्या कप्प्यांत रक्त असणं, आणि स्टेरॉइड सुरू करून ४८ तासांत काहीच फरक न पडणं. त्यात रुग्ण होते फक्त २३. बोगद्याचं हाड मोडलेलं असणंही सहसा वाईट बाजूला धरतात, पण हाड मोडूनही नजर आलेले आणि हाड शाबूत असून नजर न आलेले, दोन्ही प्रकारचे लोक असतात. या खुणांची बेरीज करून "इतके टक्के" असा आकडा तुम्हाला कुणी छातीठोकपणे देत असेल, तर तो आकडा आला कुठून हे जरूर विचारा.

५. केसपेपरवर "प्रकाश समजत नाही" असं लिहिलंय. म्हणजे सगळं संपलं का?

आशा कमी आहे, शून्य नाही. मुळीच प्रकाश न समजणाऱ्यांपैकी काही जणांना पुढच्या दिवसांत हात हललेला कळू लागतो, थोड्यांना त्याहूनही जास्त दिसतं.

पण आधी ती नोंद बरोबर आहे ना, हे बघावं लागतं. माझा अनुभव असा की इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. चांगला डोळा बोटांनी झाकला की फटीतून उजेड शिरतो आणि आजारी डोळ्याला "समजतो" असं लिहिलं जातं. म्हणून तळवा घट्ट लावावा, बोटं नाहीत. उलट, पेशंटला गुंगीचं औषध दिलेलं असतं, पापणी टम्म फुगलेली असते, बॅटरीचे सेल उतरलेले असतात, आणि "नाही" असं लिहिलं जातं. आम्ही शेवटचा निर्णय डोक्याला बांधायच्या प्रखर दिव्याने, पापणी हाताने उघडून, दोन-तीनदा विचारून घेतो. डोळ्याच्या आत रक्त साठलं असेल तरी असा प्रखर दिवा साधारणपणे कळतो. तोही कळत नसेल तर नसेवर किंवा पडद्यावर संशय पक्का होतो.

६. व्हीईपी आणि ओसीटी करायला सांगितलंय. त्यातून भविष्य कळतं का?

थोडंफार, आणि योग्य वेळी केलं तरच.

व्हीईपीमध्ये डोळ्यासमोर उजेडाचे झटके देऊन डोक्याच्या मागच्या बाजूला तारा लावून मेंदूपर्यंत निरोप पोचतो का ते मोजतात. पेशंट शुद्धीवर नसला तरी हे करता येतं. लहर अजिबात आली नाही तर लक्षण वाईट. दुसऱ्या डोळ्याच्या निम्म्याहून मोठी लहर आली तर आशेला जागा आहे.

ओसीटी पडद्यातल्या तंतूंच्या थराची जाडी मोजते. अपघातानंतर चौथ्या दिवशी काढलेल्या ओसीटीत थर नॉर्मल असतो, कारण अजून झीज तिथवर पोचलेली नसते (प्रश्न २). थर पातळ होऊ लागतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. त्यामुळे पहिली ओसीटी तुलनेसाठी, आणि पुढची काही आठवड्यांनी. दर आठवड्याला पैसे घालू नका. झीज थांबल्यावर जो थर शिल्लक राहतो, त्यावरून पुढे किती सुधारणेला वाव आहे हे बऱ्यापैकी कळतं. पण तोवर पेशंटच्या नजरेनेही बरंच सांगितलेलं असतं.

७. स्टेरॉइडचं मोठं इंजेक्शन लगेच द्यायला हवं होतं का? आम्हाला उशीर झाला.

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त रडणारी माणसं पाहिली आहेत. उशीर झाला म्हणून नजर गेली, असं मानायला पुरावा नाही. ते ओझं खाली ठेवा.

१९९० साली मणक्याच्या इजेत मोठ्या डोसच्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा फायदा दिसल्याचं जाहीर झालं आणि तीच पद्धत डोळ्याच्या नसेलाही लावली गेली. नंतर १९९९ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून केलेला मोठा अभ्यास आला. त्यात १३३ रुग्ण होते. तक्त्यावर तीन ओळी किंवा जास्त सुधारणा झाली ती अशी: काहीच उपचार न घेतलेल्यांत ५७ टक्के, स्टेरॉइड घेतलेल्यांत ५२ टक्के, ऑपरेशन झालेल्यांत ३२ टक्के. हे आकडे जपून वाचा. काहीच न केलेले रुग्ण फक्त ९ होते, आणि कुणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. तरी एवढं दिसतं की उपचारांशिवायही बरेच डोळे आपणहून सुधारतात, आणि स्टेरॉइडचा वेगळा फायदा सिद्ध झालेला नाही.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढांवर झालेल्या 'क्रॅश' नावाच्या औषध-चाचणीत (२००४) हेच औषध मोठ्या डोसमध्ये दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के होते, न दिलेल्यांत १७.९ टक्के. म्हणून डोळ्याबरोबर डोक्यालाही गंभीर मार असेल आणि डॉक्टर स्टेरॉइड द्यायला नकार देत असतील, तर ते पेशंटचा जीव सांभाळत आहेत. त्यांच्याशी भांडू नका.

८. आधी दिसत होतं, नंतर कमी झालं. हेही त्यातच येतं का?

नाही, आणि इथे थांबायचं नाही. बहुतेकांची नजर आघाताच्या क्षणीच जाते. आधी होती आणि मग गेली, याचा अर्थ आत काहीतरी वाढतंय, बहुधा रक्त.

डोळा पुढे आलाय, पापणीवरून दगडासारखा टणक लागतोय, भयंकर दुखतोय आणि नजर झपाट्याने जातेय, असं असेल तर खोबणीत रक्तस्राव होऊन आतला दाब वाढलाय. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छोटा छेद देऊन तो दाब तिथल्या तिथे उतरवतात. तास-दीड तासाच्या पुढे नुकसान कायमचं होऊ लागतं, त्यामुळे स्कॅनच्या रांगेत बसू नका. १०८ ला फोन करा, मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा आणि "डोळा टणक झालाय, नजर जातेय" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा.

डोळा टणक नाही, पण दोन-तीन दिवसांत नजर पायरीपायरीने उतरतेय, तर नसेच्या आवरणात रक्त साठलेलं असू शकतं. तेव्हाही त्याच दिवशी तपासणी आणि स्कॅन हवा.

९. नस मोकळी करण्याचं ऑपरेशन करून घ्यावं का? अहमदाबादला, मुंबईला करतात असं ऐकलंय.

आता ते नाकातून दुर्बिणीने करतात. बोगद्याच्या हाडाची एक भिंत काढून सुजलेल्या नसेला जागा देतात. मग जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं, "जागा केली तर बरंच होईल ना?" ऐकायला पटतं, पण तुटलेले तंतू जागा मिळाली म्हणून जुळत नाहीत. ऑपरेशनने फायदा होतो असं ठामपणे दाखवणारी, चिठ्ठी टाकून केलेली चाचणी झालेली नाही (आकडे प्रश्न ७ मध्ये). शेजारून मेंदूची मोठी रक्तवाहिनी जाते, आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचा धोकाही असतो.

तरी काही प्रसंगी अनुभवी सर्जन ते सुचवतात आणि विचार करण्याजोगं असतं: स्कॅनमध्ये हाडाचा तुकडा नसेवर दाबताना दिसतोय, किंवा नजर प्रश्न ८ सारखी उतरत चालली आहे. पेशंट शुद्धीवर नसेल, त्याची नजर तपासताच येत नसेल, तर निव्वळ अंदाजाने हे ऑपरेशन करून घेऊ नये असं मला वाटतं.

१०. किती दिवस वाट बघायची? आणि सुधारतंय हे कसं ओळखायचं?

सुधारणा व्हायची असेल तर ती बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते आणि साधारण तीन महिन्यांपर्यंत चालते. सहा महिन्यांनंतर फारसा फरक पडत नाही.

ती एकदम येत नाही. आधी खिडकीची दिशा कळते, मग समोरून कुणी गेल्याची सावली, मग ताटातला पांढरा भात आणि काळी वाटी वेगळी दिसते. कधी मधलं दिसत नाही पण कडेचं दिसतं, आणि पेशंट मान तिरकी करून बघू लागतो. ते चांगलं चिन्ह आहे, त्याला "सरळ बघ" म्हणू नका. रंग मात्र बरेचदा फिके राहतात, नजर ६/९ पर्यंत आली तरी. घरी दर आठवड्याला एकदाच, त्याच खोलीत, त्याच उजेडात, चांगला डोळा तळव्याने झाकून बघा. दिवसातून दहा वेळा "आता दिसतं का?" विचारल्याने पेशंट खचतो.

११. माणूस व्हेंटिलेटरवर आहे. डोळ्याचं कसं कळणार?

प्रश्न ३ मधल्या बॅटरीनेच. पण तीन ठिकाणी ती फसवते. दोन्ही नसांना सारखाच मार असेल तर दोन्ही बाहुल्या सारख्याच मंद असतात आणि फरक दिसत नाही. बाहुली आकसवणाऱ्या नसेलाच मार असेल तर ती मोठीच राहते, तेव्हा दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीकडे बघून निष्कर्ष काढावा लागतो. आणि वेदनाशामक औषधांनी बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या की काही वाचताच येत नाही.

बाहुली मोठी करणारे थेंब न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय घालायचे नसतात, कारण मेंदूवरचा दाब वाढतोय का हे ते त्याच बाहुल्यांवरून बघत असतात. पडदा तपासायला दोन दिवस उशीर झाला, तर त्याचं कारण बहुधा हे असतं.

१२. मुलगा सात वर्षांचा. पडला त्याला महिना झाला, आणि आज म्हणतो "या डोळ्याने दिसत नाही".

तो खोटं बोलत नाहीये. एका डोळ्याने सगळं चालत असलं की मुलांच्या लक्षातच येत नाही. खेळताना चुकून चांगला डोळा झाकला जातो, तेव्हा कळतं. म्हणून मूल डोक्यावर पडलं की त्याच आठवड्यात एकेक डोळा झाकून बघा. वय सात-आठच्या आत असेल तर नस थोडी सावरूनही डोळा आळशी होऊ शकतो, त्यासाठी पट्टीची गरज आहे का हे विचारा.

१३. माझा एक डोळा माझ्या मुलाला द्या. नाहीतर स्टेम सेल तरी?

गेल्या जानेवारीत प्रतापनगरच्या एका काकूंनी माझा हात धरून हे विचारलं. त्यांनी आपला उजवा डोळा बोटाने दाखवला होता, "हा जास्त चांगला आहे" म्हणून.

नेत्रदानात फक्त बुबुळावरची पारदर्शक काच, कॉर्निया, वापरतात. नस दुसऱ्याची जोडून तंतू मेंदूपर्यंत वाढवणं आज कुणालाही जमलेलं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला अख्ख्या डोळ्याचं पहिलं प्रत्यारोपण झालं. तो डोळा जिवंत राहिला, त्यात रक्त फिरलं, पण त्यातून दिसलं नाही.

स्टेम सेलच्या बाबतीत आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) २०१७ चे राष्ट्रीय मार्गदर्शक नियम स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर त्याचा वापर फक्त मंजूर संशोधनातच, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की उठून या. दागिने मोडून गेलेल्या कुटुंबांना मी भेटले आहे.

१४. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि भरपाई मिळते का?

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला (६/१८ किंवा बरा) असेल तर सरकारी तक्त्यानुसार अपंगत्व ३० टक्के धरतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, त्यामुळे त्या मिळत नाहीत. लोकांना हे फार लागतं, आणि मलाही ते न्याय्य वाटत नाही. रस्ता अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात मात्र ही नोंद उपयोगी पडते. प्रमाणपत्र नजर स्थिरावल्यावर (प्रश्न १०) काढा, पण वकिलाला लगेच भेटा. अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसची) नोंद आणि प्रश्न ४ मधला पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवा.

१५. एका डोळ्याची नजर नाहीच आली, तर रोजचं कसं जमवायचं?

पहिले काही महिने अंतराचा अंदाज चुकतो. चहा कपाबाहेर सांडतो, सुईत दोरा जात नाही, जिन्याची शेवटची पायरी हुकते. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवायची. पायऱ्यांच्या कडांवर पिवळी पट्टी चिकटवायची. रस्ता ओलांडताना मान नेहमीपेक्षा जास्त वळवायची, आणि बरोबरच्या माणसाने न दिसणाऱ्या बाजूने चालायचं. दुचाकी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नको.

आणि नंबर असो वा नसो, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. अगाशीवर पतंग बघायला गेलात तरी.